पेंढ्याचं चाक

शिमग्याचा होम ऐनवाडीच्या गाडवाटेवर बरोब्बर मधोमध पेटतो. कुणी विचारलं, बाबांनो, एवढा डोंगर मोकळा पडलाय, वाटेतच कशाला? तर म्हणतील, होम आधीचा, वाट मागनं आली. आणि ते खरंही आहे. होमाची राख थंड झाली तरी देवीची पालखी घरोघर फिरून सहाणेवर परत बसेपर्यंत त्या राखेवरून चाक जायचं नाही, हा वाडीचा कायदा. माणूस जाईल, बैल जाईल. चाक नाही.

मग चाकवाल्यांनी काय करायचं? खालच्या अंगाने कारवीच्या उतारावरून उतरायचं, खाचरांच्या कडेकडेने ओढा ओलांडायचा आणि पुढे पोलादपूरच्या सडकेला लागायचं. गोमाजीने तीस वर्षं बैलगाडी हाकली. दर शिमग्याला याच वाटेने हाकली आणि एकदाही त्याचं काही अडलं नाही. त्यामुळे त्या सकाळी लॉरीच्या टपावर थाप मारून तो आपल्या लेकाला म्हणाला, "हैबती, हान खाली. वाट मी सांगतो," तेव्हा कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

लॉरी महाडच्या एका शेठची, जुनी. दिवे दोन, त्यातला एक लागायचा. भोंग्यापेक्षा हैबतीची आरोळी लांब जायची. पण इंजिन खणखणीत होतं, आणि हैबतीचा हात त्याहून खणखणीत. मागे फळ्या टाकून चौदा चाकरमानी बसले होते, ट्रंका, तांदळाची बाचकी, आमसुलांच्या पुरचुंड्या सांभाळत. दुपारच्या भरतीला दासगावहून लाँच सुटणार, ती बाणकोटला मुंबईची आगबोट गाठून देणार आणि परवा सकाळी प्रत्येकाने आपापल्या गिरणीच्या दारात उभं राहायचं. एक दिवस उशीर झाला की त्या जागेवर बदलीवाला. गिरण्यांना त्या साली माणूस कमी करायला नुसता बहाणा हवा होता.

या चौदा जणांच्या पाठीमागे, लॉरीच्या शेपटाला, मांडीवर लाकडाची उटी घेऊन हैबतीची बायको राही बसली होती. लॉरीचा हातब्रेक धरत नव्हता. चढाला गाडी थांबली की कुणीतरी टुणकन खाली उडी मारून चाकामागे उटी सारायची. ते काम क्लीनर मुरारीचं. पण मुरारीने तीन दिवस पालखी नाचवली आणि चौथ्या दिवशी खांदा धरून झोपला. मग राहीने पदर खोचला.

"वैनी, तू किलिंदर झालीस?" महिपतने विचारलं. महिपत चौदा जणांतला म्होरक्या. गिरणीत जॉबर होता, पायात बूट, मनगटाला घड्याळ.

"झाले की. तुझा काय इचार, आडवा पडतोस चाकामागं? मग उटी नको."

सगळे हसले. महिपतही हसला, पण जरा कमी.

राहीला मात्र आज हसण्यापलीकडची काळजी लागली होती. ऐनवाडीत सत्तावीस उंबरे, आणि प्रत्येक उंबऱ्याचा पुरुष मुंबईला. बायका नवऱ्याला ओळखायच्या त्या शिमग्याचे आठ दिवस आणि गणपतीचे पाच. राहीचीही नऊ वर्षं अशीच गेली होती. दोन वर्षांपूर्वी तिने हैबतीला सरळ सांगितलं होतं, "मला तेरा दिवसांचा नवरा नको. जन्माचा असला तर राहा, नायतर मी मेले समजा." त्यानंतर हैबती मुंबईत मोटर हाकायला शिकला. यंदा शिमग्याआधी त्याने महाडच्या शेठचे पाय धरले. शेठ म्हणाला, "शिमग्याची परतीची माणसं वेळेवर बोटीला लावून दाखव. लावलीस तर लॉरी तुझ्या हाती. एक बोट चुकली तर किल्ली ठेवायची आणि त्याच वाटेने मुंबईला जायचं." शेठ शब्दाचा पक्का, दोन्ही बाजूंनी. म्हणून राही आज चौदा बायकांचे नवरे मुंबईला पोचवायला निघाली होती, आपला एक घरी राहावा म्हणून.

कारवीच्या उतारावर पहिला आवाज झाला तेव्हा गोमाजी म्हणाला, "दगड उडाला." दगड कसला! मागचं चाक बसलं होतं. हैबतीने जास्तीचं चाक चढवलं. पुन्हा निघाले. खाचराच्या बांधाशी येतात न येतात तोच पुढचं डावं चाक फुस्स करून असं बसलं की लॉरीने बांधाला नाक लावलं.

राही उटी घेऊन धावली. चाकाखाली वाकून पाहते तर टायरात घुसलेला कारवीचा खुंट. बोटभर जाड, तिरका कापलेला, सुळ्यासारखा टोकदार. हा काप तिच्या ओळखीचा होता. पौषात घराच्या कुडासाठी याच उतारावरची कारवी तिने कोयत्याने सपासप उतरवली होती. बैलाला खुंटामधून पाय टाकता येतो, गाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते. रबराच्या चाकाचा विचार ऐनवाडीत कोण करणार?

हैबतीने ट्यूब ओढून काढली. वीतभर चिरलेली. चिकटवायचं रबर डबीत वाळून खडा झालेलं. त्याने डबी खाचरात भिरकावली.

"झालं?" महिपत खाली उतरला. घड्याळ पाहिलं. "साडेसात वाजले. चालत दासगाव गाठायचं तर दिवस मावळेल. हैबती, गाड्या जुंपून आनायला सांग कुनाला तरी."

"गाडीनं रात होईल," गोमाजी म्हणाला.

"मग तू कशाला या वाटेला घातलंस, म्हाताऱ्या? तीस वर्सं बैलाचं शेपूट पिरगाळलंस म्हनून मोटर कळते तुला?"

गोमाजीचं तोंड एवढंसं झालं. तीस वर्षांत त्याला कुणी असं बोललं नव्हतं, तेही लेकासमोर, सुनेसमोर. तो खाली बसला आणि उगाच पागोटं काढून पुन्हा बांधू लागला. राहीच्या मस्तकात तिडीक गेली.

"त्यांना नको बोलू," ती पुढे आली. "खुंट माजे हायती. माज्या कोयत्यानं कापले. बोलायचं तर मला बोल."

बाईमाणसाने चूक अशी पुढ्यात आणून ठेवली की बोलणाऱ्याची पंचाईत होते. महिपत सिगारेट शोधू लागला.

खाचराच्या कडेला आंबा होता. त्याच्या बेचक्यात बैलांसाठी पेंढा रचून ठेवलेला. हैबतीचे डोळे तिकडे गेले. मुंबईत त्याने एका पठाण ड्रायव्हरकडून ऐकलं होतं की वाळवंटात चाक बसलं तर त्यात गवत भरतात.

"पेंढा कुनाचा?" त्याने विचारलं.

"माजा हाय," महिपत चटकन म्हणाला. "माज्या बैलांचा. मिरगापर्यंत पुरवायचाय."

"बैलांना मिरगापर्यंत पेंढा पायजे, आनि तुला परवापर्यंत गिरनी," राही म्हणाली. "कोनतं आधी ते सांग."

तेरा जण महिपतच्या तोंडाकडे पाहू लागले. महिपतने सिगारेट कानावर ठेवली आणि हात झटकला. "घ्या. अर्धाच घ्या."

हैबतीने टायर एका बाजूने रिमवरून सोडवला, पेंढ्याचे कवळे मुठीमुठीने आत कोंबले, लोखंडी टामीने टायर परत बसवला. चाक छान टम्म दिसत होतं. चौघांनी बांधावरून लॉरी ढकलली, इंजिन गुरगुरलं, वीस पावलं गेली आणि चाक पुन्हा जमिनीला टेकलं. आत बघावं तर पेंढ्याचा भुसा.

"चटनी केली माज्या पेंढ्याची!" महिपत ओरडला. कुणीतरी मागून म्हणालं, "बैलांना आता चावायचा तरास नाय." मग हशा. हैबती चाकाशी उकिडवा बसून राहिला. त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता, पण तो पुसत नव्हता. राहीने त्याला असं बसलेलं आधीही पाहिलं होतं, नऊ वर्षांत दरवेळी मुंबईला निघायच्या आदल्या सांजेला तो असाच ओटीवर बसायचा. आता तिला राग आला. नवऱ्याचा नाही, महिपतचा नाही, त्या पेंढ्याचा.

"उठा," ती म्हणाली. "अवो, उठा म्हनते ना. पेंढा असा भरतात काय? असा तर म्हशीपुढं टाकतात. मुडी बांधताना कशी बांधते मी?"

बियाण्याची मुडी बांधावी तर राहीने, असं सासूसुद्धा म्हणायची, आणि सासू सहसा कुणाला चांगलं म्हणत नसे. भाताचं बी पेंढ्यात घालून, पेंढ्याच्याच वळलेल्या वेठाने आवळत, मोगरीने ठोकत ठोकत ती मुडी अशी बांधायची की दगडावर आपटली तरी दाणा सांडत नसे. उंदीर दात लावून परत जात.

हैबतीने वर पाहिलं. "मुडी? टायरात?"

"पेंढा भिजवायचा. मनगटाएवढा दोर वळायचा. आत फेऱ्यावर फेरा घालायचा आनि प्रत्येक फेरा ठोकायचा. सुका पेंढा मोडतो, ओला वळतो. एवढं तर शेन खाऊन जगनाऱ्या किड्यालाबी कळतं."

गोमाजी उठून उभा राहिला. "बरोबर हाय. सूनबाय बोलते ते बरोबर हाय," तो म्हणाला, आणि पेंढ्याचा भारा उचलून सरळ ओढ्याच्या डोहाकडे चालू लागला.

मग मात्र काम सुरू झालं. राहीने गड्यांना बांधावर जोडीजोडीने बसवलं. एकाने पेंढा पुरवायचा, एकाने वळायचा. पण मुंबईचे हात ते! कुणाचा दोर मध्येच सुटे, कुणाचा शेपटासारखा बारीक होई. येसाजीने वळलेला दोर तिने उचलून दाखवला. "हा काय, वात केलीस? दिवा लावायचाय काय?" येसाजी लाजला. वीस वर्षं गिरणीत सूत काढत होता बिचारा, पण तिथे पीळ यंत्र घालतं.

महिपत काही वेळ घड्याळ पाहत फिरला. मग बूट काढले, मोजे बुटात खोचले, आणि बसला. त्याने पेंढ्याला पीळ दिला तो पहिल्याच फटक्यात बसला. दोन हात वळून झाले, चार झाले. सगळ्यांत घट्ट दोर त्याचा निघाला. हाताला जुनं आठवतं, तोंडाला आठवत नाही.

"बग," गोमाजी हळूच हैबतीला म्हणाला, "सुंभ जळला तरी पीळ जात नाय." पण म्हाताऱ्याच्या आवाजात आता राग नव्हता.

राहीने टायर आडवा मांडला. दोन गुडघे टायरावर टेकून ती दोराचा फेरा आत घाले, आणि हैबती बाभळीच्या ओंडक्याने तो ठोकून बसवी. फेरा, ठोका. फेरा, ठोका. ओल्या पेंढ्याच्या काड्यांनी तिच्या बोटांच्या पेरांना चिरा पडल्या. पाणी लागलं की झोंबायचं. तिने हात लुगड्याला पुसले आणि पुन्हा घातले. ऊन आता डोक्यावर चढत होतं. खाचरातल्या वाळलेल्या धसकटांतून गरम वाफ येत होती.

खुंटाने टायरला पाडलेलं भोक आतून कशाने तरी झाकायला हवं होतं, नाहीतर पेंढा तिथून बाहेर येणार. हैबती इकडेतिकडे पाहू लागला. गोमाजीने पायातली एक वहाण काढली, कोयत्याने तिचा तळ सोडवला आणि पुढे केला.

"बा, अरे, तू अनवानी..."

"वाट मी दावली का नाय? मग." म्हाताऱ्याने एवढंच म्हटलं. चामड्याचा तुकडा भोकावर आतून बसला.

शेवटचा फेरा मावेना. राही म्हणाली, मावलाच पाहिजे, मुडी सैल राहिली की घात. सहा जण टायरावर उभे राहिले, हैबतीने दोन टाम्या लावल्या, महिपतने तिसरी लावली. सगळ्यांनी एकदम जोर केला आणि टायर रिमवर खटकन बसला. महिपतचं बोट जरा चिमटलं. त्याने बोट तोंडात घातलं.

राहीने चाकावर मूठ आपटली. आतून भरीव, मातीच्या भिंतीवर मारावी तसा आवाज आला.

"आता चल म्हनावं," ती म्हणाली.

अकरा वाजले होते. उरलेल्या पेंढ्याचे भारे गड्यांनी लॉरीत टाकले. हैबतीने लॉरी सोडली. वीस पावलं गेली, चाळीस गेली, ओढ्यातल्या गोट्यांवरून गेली. चाक बसलं नाही. सडकेला लागताच चौदा गळ्यांतून देवीच्या नावाची आरोळी उठली. गोमाजी पुढे बसून गाडीवानासारखी हुकमत करत होता. "धुरजड होतीय, मागं सरा! महिपत, तू उजवीकडं जा, तुज्या अंगात वजन हाय." आणि जॉबर महिपत मुकाट्याने उजवीकडे सरकला.

पण पेंढा तो पेंढा. कोस दीड कोस गेलं की चाक तापायचं. राही आता शेपटाला नव्हती, पुढच्या पायरीवर उभी होती, एका हाताने दाराला धरून, दुसऱ्या हाताने इंजिनाच्या पाण्याची कळशी कमरेवर सांभाळत. ओढा दिसला की "थांबा!" म्हणायची, उतरून चाकाला पाणी घालायची. चाक चर्रर्र करी, वाफ येई, उकडल्या भाताचा वास सुटे. येसाजी म्हणाला, "वैनी, भात झाला की वाढ." "भरती चुकली तर जन्मभर उपाशी राहाशील, गप बस," तिने वरूनच उत्तर दिलं. तिच्या मनात भीती नव्हती असं नाही. प्रत्येक वळणाला ती सूर्याकडे पाही. पण हात कामात असले की भीतीला उभं राहायला जागा मिळत नाही, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

महाडच्या नाक्यावर शेठ पेढीच्या ओट्यावर उभा होता. चाकातून धूर निघतोय, पायरीवर कळशी घेऊन बाई उभी, आत माणसं ओरडतायत. हे काय सोंग आलं म्हणून त्याने हात वर केला.

"थांबू?" हैबतीने विचारलं. त्याचा आवाज पडला होता.

"शेठ कुठं पळून जात नाय, भरती जाते," राही म्हणाली. आणि लॉरी ओट्यासमोरून जाताना तिनेच ओरडून सांगितलं, "शेठ, परत येताना थांबतो! मानसं बोटीला लावून!"

शेठचा हात वरच राहिला.

दासगावच्या अलीकडे टायरच्या कडेतून पेंढ्याच्या काड्या बाहेर येऊ लागल्या, म्हाताऱ्याच्या मिशा दिसाव्यात तशा. चाक आता एका बाजूला लंगडत होतं. हैबती पायी चालल्यासारखी लॉरी हाकत होता. खाडी दिसली. पाणी अजून काठाला लागलेलं होतं, पण बंदरावर लाँचचा तांडेल दोर सोडत होता. ओहोटी लागली की लाँच गाळात बसते, त्यामुळे तांडेल सख्ख्या भावासाठीसुद्धा थांबत नाही.

"ओरडा!" राही म्हणाली.

सोळा पुरुष आणि एक बाई ओरडली. असा गलका दासगावच्या बंदराने कधी ऐकला नसेल. तांडेलाने मान वर केली. लॉरी उतारावर आली, राहीने चालत्या गाडीतूनच उडी मारली आणि चाकाखाली उटी घातली. गडी ट्रंका डोक्यावर घेऊन चिखलातून पळाले. महिपत बूट हातात घेऊन पळत होता. फळीवर पाय ठेवता ठेवता तो वळला, परत दोन पावलं आला.

"हैबती, गनपतीला बाणकोटास्नं येऊ तवा दासगावला तुजीच मोटर पायजे. दुसऱ्याच्या मोटरला आपली मानसं बसनार नायत, मी सांगतो." मग राहीकडे पाहून त्याने जरा घुटमळून म्हटलं, "वैनी, उरलेला पेंढा... तूच घेऊन जा. लागंल."

"तुज्या बैलांचं काय?"

"बैलांना मी घरी सांगून पाठवतो," तो म्हणाला आणि पळाला. बैलांना काय सांगणार होता देव जाणे.

गोमाजी एका पायात वहाण आणि एक पाय उघडा असा बंदराच्या तापल्या दगडांवर उभा होता. मध्येच पाय बदलत होता, पण सावलीत जात नव्हता. चौदा जण चढले. तांडेलाने शेवटचा दोर हातात घेतला आणि काठावर उभ्या असलेल्या हैबतीला विचारलं, "तू रे? येतोस का? फळी काढतोय."

हैबतीने उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण राहीने ते आधीच दिलं. नऊ वर्षं तिने या उत्तराची वाट पाहिली होती. तिला ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

"ते नाय येत," ती खणखणीत म्हणाली. "ते घरी राहातात."

फळी निघाली. लाँच धूर सोडत खाडीच्या वळणाकडे गेली. चौदा जण हात हलवत होते. राहीला त्यांच्या बायका आठवल्या, आता अंगणात उभ्या राहून खालच्या वाटेकडे बघत असतील. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदाचं होतं की त्या बायकांसाठी होतं, तिला ठरवता आलं नाही. दोन्हींचं असेल.

मागून कुरकुर कुरकुर आवाज आला. तिघंही वळले. बंदरावरचा कुणाचा तरी पांढरा बैल लॉरीच्या पुढच्या चाकाशी उभा होता. टायरातून लोंबणारा पेंढा त्याने तोंडात धरला होता आणि शांतपणे ओढून खात होता. हैबती "हाय हाय!" करत धावणार, तोच राहीने त्याच्या बाहीला धरलं.

"खाऊ दे," ती म्हणाली.

"अगो, चाक खातोय तो! घरी कसं जायचं?"

राहीने लॉरीतल्या उरलेल्या पेंढ्याच्या भाऱ्यांकडे पाहिलं, आपल्या चिरा पडलेल्या बोटांकडे पाहिलं, आणि लुगड्याचा काठ सावरत खाली दगडावर बसली.

"दुसरी मुडी बांधू," ती म्हणाली. "आपल्याला कुठं भरती गाठायचीय?"